डब्यातली पांढरी बटणे

मंगळवार, ४ मार्च

या वहीत मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे: माझ्या धाकट्या बहिणीने परीक्षेच्या खोलीत लेखनिक म्हणून बसून परीक्षार्थीच्या नावावर स्वतःची उत्तरे लिहिली, आणि तसे करून माझा विश्वासघात केला.

हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. चौतीस वर्षे तर्कशास्त्र शिकवलेल्या बाईला राग येत नाही असे नाही. पण तो निष्कर्षानंतर यावा, आधी येऊ नये, एवढी शिस्त तिला लागलेली असते. माझे विद्यार्थी पाठीमागे मला 'म्हणूनबाई' म्हणत, कारण माझे प्रत्येक तिसरे वाक्य त्याच शब्दाने सुरू होई. मला ते ठाऊक होते. नाव अगदीच अयोग्य नव्हते.

आठ वर्षांपूर्वी निवृत्त झाल्यावर मी लेखनिकांचे मंडळ सुरू केले. ज्यांना दिसत नाही किंवा ज्यांचा हात चालत नाही, त्यांच्या परीक्षेत आम्ही शेजारी बसतो. ते सांगतात, आम्ही लिहितो. आम्ही चौदा जण आहोत. त्यांत एक शिंपी आहे, एक बेकरीवाली आहे, एक निवृत्त पोस्टमन आहे. नियम अकरा, सगळे माझ्या हातचे. पहिला असा की लेखनिक म्हणजे हात, डोके नव्हे. प्रश्न दोनदा वाचायचा आणि गप्प बसायचे. परीक्षार्थी टेबलावर एकदा टकटक करील तिथे पूर्णविराम, दोनदा करील तिथे नवा परिच्छेद. त्याने चुकीचे सांगितले तर चुकीचेच लिहायचे. उत्तरपत्रिकेच्या शेवटी लेखनिकाने दोन वाक्ये लिहून सही करायची: 'सांगितले तसे लिहिले. माझे काही घातले नाही.'

आज दुपारी विद्यापीठाचा परीक्षा अधिकारी घरी आला. माझाच जुना विद्यार्थी. रुग्णालयाच्या टेलिफोन खोलीत काम करणारी एक अंध मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षाला तर्कशास्त्रात दोनदा नापास झाली होती. जानेवारीत तिला शंभरात एक्क्याऐंशी मिळाले. तपासणाऱ्याला शंका आली. लेखनिक माझी बहीण होती. अधिकाऱ्याने उत्तरपत्रिकेची प्रत टेबलावर ठेवली आणि माझे लेखी मत मागितले. बहिणीच्या बाबतीत मीच कशी मत देऊ, असे मी विचारले. तो म्हणाला, "बाई, तुमच्याइतकं तटस्थ दुसरं कोण आहे?"

मी प्रत ठेवून घेतली.

बुधवार, ५ मार्च

भिंगातून वाचायला पूर्ण सकाळ गेली. डावा डोळा कित्येक वर्षे नुसता धुके दाखवतो. उजव्यातला मोतीबिंदू काढायची तारीख दोन एप्रिल ठरली आहे. धाकटीनेच डॉक्टरांच्या मागे लागून ती घेतली.

पहिली दोन उत्तरे बरी आहेत. तिसऱ्यावर मी थांबले. प्रश्न असा: 'अव्याप्त मध्यपद हा दोष स्वतःच्या उदाहरणाने स्पष्ट करा.' उत्तर जसेच्या तसे उतरवते:

'आमच्या डब्यातली सगळी बटणे पांढरी आहेत. हिच्या मुठीतले बटण पांढरे आहे. म्हणून हिच्या मुठीतले बटण आमच्या डब्यातले आहे. हा निष्कर्ष चूक आहे. डब्यातली सगळी पांढरी आहेत, पण सगळी पांढरी डब्यातली नसतात.'

हे उदाहरण माझे आहे.

मी चौदा वर्षांची होते, धाकटी नऊची. आई सदरे शिवायची. तिच्या पत्र्याच्या डब्यात सगळी पांढरी बटणे असत. एके दिवशी धाकटीच्या मुठीत पांढरे बटण सापडले. चोरीचा आळ आला. तेव्हा आईला असे पटवून देण्यात आले की पांढरेपणावरून बटण डब्यातले ठरत नाही; ते रस्त्यावरही सापडू शकते. माझ्या आयुष्यातला हा पहिला युक्तिवाद. वर्गात मी तो कधी वापरला नाही. घरच्या गोष्टी फळ्यावर नेणे मला प्रशस्त वाटत नाही. बाहेर सांगितला तो एकदाच, नेमणुकीच्या मुलाखतीत, स्वतःचे उदाहरण द्या म्हणाले तेव्हा. ते तिघेही परीक्षक आज हयात नाहीत.

म्हणून हे उदाहरण ठाऊक असलेल्या जिवंत व्यक्ती दोन. मी आणि धाकटी. मी त्या खोलीत नव्हते.

शुक्रवार, ७ मार्च

एका पुराव्यावर मी कुणाला दोषी धरत नाही. आणखी तीन सापडले.

एक. आईचा बटणांचा डबा अजून शिवणयंत्राच्या खणात असतो. आज उघडून पाहिला. अर्ध्याहून अधिक रिकामा.

दोन. माझ्या व्याख्यानांच्या टिपणांचे चार गठ्ठे मी निवृत्तीच्या वेळी रद्दीत द्यायला सांगितले होते. शिवणयंत्रामागच्या फळीवर त्यांची सुतळी सापडली. सुतळीची गाठ माझी आहे. गठ्ठे नाहीत.

तीन. गेल्या जूनपासून धाकटी रोज दुपारी एकच्या सुमाराला बाहेर पडत असे. शिंपीमास्तरांकडे काजे करायला जाते, असे म्हणे. जानेवारीत परीक्षा झाली आणि त्याच आठवड्यात जाणे थांबले. मी आज कपडे न्यायच्या निमित्ताने मास्तरांकडे गेले आणि सहज विचारले. ते टीप मारत होते. मान वर न करता म्हणाले, "काजं मी कुणाच्या हाती देत नाही, बाई. बायकोच्याही नाही." मग ती कुठे जात होती, असे मी विचारले. "ते त्यांना विचारा. तुमच्या घरातून माझ्या दुकानापर्यंत येण्यापेक्षा स्वयंपाकघर जवळ आहे."

मास्तरांना विनोदाची सवय आहे. मी कपडे घेऊन परत आले.

संध्याकाळी धाकटीने नेहमीप्रमाणे वर्तमानपत्र वाचून दाखवले. तिचा आवाज वाचताना सरळ असतो, चढत नाही, उतरत नाही. चांगल्या लेखनिकाला हवा तसा. तो ऐकत असताना प्रथमच मला वाटले की या घरात मी एका अनोळखी बाईबरोबर राहते आहे.

शनिवार, ८ मार्च

मंडळाची बैठक. मी उत्तरपत्रिकेचा विषय काढला नाही. पण बातमी माझ्या आधी पोहोचली होती. बेकरीवालीने माझ्यापुढे पाव ठेवला आणि धाकटीपुढे दोन ठेवले. इतक्या वर्षांत असे कधी झाले नव्हते.

टेलिफोनवालीचे काय अडले आहे ते मास्तरांनी सर्वांसमोर सांगितले. मला मुद्दाम ऐकवले असणार. रुग्णालयात आता फोन यंत्र उचलणार आहे. टेलिफोन खोली एकतीस मार्चला बंद होईल. जिच्याकडे पदवी असेल तिला चौकशीच्या खिडकीत घेतील. नसेल तिला घरी पाठवतील. तिचा निकाल माझ्या मतासाठी थांबला आहे.

मी म्हणाले की निकाल माझ्यासाठी थांबलेला नाही, सत्यासाठी थांबलेला आहे.

मास्तर म्हणाले, "सत्याला एकतीस तारखेच्या आत यायला सांगा म्हणजे झालं." सगळे हसले. धाकटी हसली नाही. ती कपबशा गोळा करत होती.

एक गोष्ट नोंदवली पाहिजे, कारण ती माझ्या बाजूची नाही. त्या परीक्षेला धाकटी जाणारच नव्हती. यादीत पोस्टमनचे नाव होते. त्या सकाळी तो तापाने पडला. धाकटी दारात म्हणाली होती, "मी नको ताई, दुसऱ्या कुणाला तरी पाठव." मीच तिला सांगितले की तुला यातले ओ की ठो कळत नाही, तेव्हा या पेपरला तुझ्याइतके योग्य कुणी नाही. ती माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली आणि चपला घालून गेली. आता उमगते की तो संकोच बनावट होता.

बुधवार, १२ मार्च

तीन दिवस काही लिहिले नाही. भिंगातूनही ओळी एकमेकींत शिरतात.

मत देण्याची मुदत उद्या संपते. नियमाप्रमाणे आरोपीला एकदा बाजू मांडू दिली पाहिजे. ते उद्या सकाळी.

गुरुवार, १३ मार्च

संवाद जसा झाला तसा लिहिते.

मी जेवणाच्या टेबलावर उत्तरपत्रिका ठेवली आणि तिसऱ्या उत्तरावर बोट ठेवले. धाकटीने वाचायची तसदी घेतली नाही. म्हणाली, "हो. बटणं."

"हे तू लिहिलेस."

"लिहिलं मीच. सांगितलं तिनं."

"तिला कुठून कळले?"

"मी शिकवलं होतं. जूनपासून. रोज तिच्या जेवणाच्या सुट्टीत, टेलिफोन खोलीत. तुझी टिपणं वाचून दाखवायचे, कळलं नाही तर मीच पुन्हा वाचायचे, मग सांगायचे. तुला रद्दीत द्यायची होती, मी दिली नाहीत."

मला हसू आले. ते आवरायला हवे होते हे मान्य करते. धाकटी सातवीनंतर शाळेत गेली नाही. मी कॉलेजात गेले त्याच वर्षी आईला हाताखाली माणूस लागले. तिने माझी टिपणे वाचून तर्कशास्त्र शिकवावे आणि विद्यार्थिनीला एक्क्याऐंशी मिळावेत, हा बचाव इतका अशक्य आहे की तो खोटा ठरवायलाही वेळ लागू नये. माझ्या स्वतःच्या वर्गात एक्क्याऐंशी मिळवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

मी म्हणाले, "तू? तर्कशास्त्र?"

ती म्हणाली, "चाळीस वर्षं तुझ्या शिकवण्या या खोलीत झाल्या, ताई. माझं स्वयंपाकघर पलीकडेच आहे. भिंतीला कान नाहीत, पण मला आहेत."

"मग लेखनिकाच्या प्रतिज्ञापत्रावर सही कशी केलीस? विषयाचे शिक्षण घेतलेले नाही म्हणून?"

"औपचारिक शिक्षण घेतलेलं नाही, असं लिहिलंय त्यात. तूच लिहिलंयस. मी कुठे घेतलंय?"

शब्द पकडण्याची ही सवय तिला माझ्याकडूनच लागली असावी. मी एवढेच म्हणाले की माझे उदाहरण माझ्या परवानगीवाचून तिला वाटता येणार नव्हते.

यावर तिने खुर्ची सरकवून माझ्यासमोर बसून घेतले. ती सहसा माझ्यासमोर बसत नाही, उभ्याउभ्या बोलते. म्हणाली, "ते तू नाही म्हणालीस त्या दिवशी. मी म्हणाले. तू माझी मूठ उघडून आईला दाखवलीस. पांढरं आहे म्हणजे आपलंच, असं म्हणालीस. आईनं मला दाराबाहेर उभं केलं. मी बाहेरून ओरडून सांगितलं, सगळी पांढरी डब्यातली नसतात म्हणून. तू आत होतीस. तू ऐकलंस."

संकटात सापडलेली माणसे काहीही आठवतात. मी वाद वाढवला नाही.

दुपारी मत लिहून पाठवले: उत्तरपत्रिकेत लेखनिकाचा हस्तक्षेप झालेला आहे, तिसऱ्या उत्तरातल्या बटणांवरून ते दिसते, निकाल रोखावा. अक्षर वेडेवाकडे आले, पण सही स्वच्छ आहे.

शुक्रवार, १४ मार्च

धाकटी घर सोडून गेली. बेकरीवालीच्या माळ्यावर खोली आहे, तिथे. शिवणयंत्र नेले नाही. बटणांचा डबा नेला.

सोमवार, १७ मार्च

सिद्धता पूर्ण झाली असल्याने ही वही बंद करायला हरकत नव्हती. तरी लिहिते.

साखर कोणत्या डब्यात असते हे मला ठाऊक नाही, असे आज लक्षात आले. पंचेचाळीस वर्षे एका घरात राहून साखर सापडू नये. तीन डबे उघडले. तिसऱ्यात खडू निघाले. माझ्या शिकवणीच्या काळातले तुकडे, आकाराप्रमाणे लावून ठेवलेले. हे कुणी आणि कशासाठी ठेवले असतील याचा विचार मी केला नाही. चहा बिनसाखरेचा घेतला.

वर्तमानपत्र तसेच पडून आहे.

शनिवार, २२ मार्च

टेलिफोनवाली आली होती. काठीने पायऱ्या मोजत एकटीच आली. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची असेल. आवाज असा की त्या आवाजाला रुग्णालयातली माणसे आपले माणूस कुठल्या मजल्यावर आहे ते विचारतात, हे पटावे.

मी बसायला सांगितले. तिने विचारले, "बाई, टेबल मोकळं आहे का?" मी उत्तरपत्रिका बाजूला केली. तिने पिशवीतून लोकरीचे दोरे काढले आणि टेबलावर त्यांची तीन वर्तुळे केली, एकमेकांत शिरणारी. मग मूठभर बटणे ओतली. आईची बटणे. मला ती भिंगाशिवाय ओळखता येतात.

"मला वर्तुळं दिसत नाहीत," ती म्हणाली. "पुस्तकात सगळं वर्तुळं काढून समजावलंय. दोनदा नापास झाले ती त्यामुळंच. मावशी पहिल्या दिवशी लोकर घेऊन आल्या."

तिने एक बटण बोटाने सरकवत सरकवत मला दोन युक्तिवाद तपासून दाखवले. मग मी तिला तिसरा घातला. वर्गातल्या हुशारांची मी ज्यावर भंबेरी उडवत असे, तो. तिने दोरा उचलला, बाहेरच्या बाजूने पुन्हा ठेवला आणि म्हणाली, "निघत नाही निष्कर्ष. इथं एक बटण बाहेर राहतंय." तिला पाऊण मिनिट लागले.

 मग ती बोलू लागली. तिचा आवाज वर गेला नाही.

"तुमच्या पत्राची प्रत विद्यापीठानं मला पाठवली, ती आमच्या सिस्टरनी वाचून दाखवली. दोनदा वाचायला लावलं मी त्यांना. बाई, रागावू नका, पण तेही बटणांचंच आहे. मावशींनी लिहिलं असतं तर उत्तरात बटणं आली असती. उत्तरात बटणं आली. म्हणून मावशींनी लिहिलं. पण बटणं दुसऱ्याही वाटेनं येऊ शकतात ना? माझ्याकडे तर ती पिशवीत होती."

चौतीस वर्षांत माझ्या युक्तिवादात असा दोष कुणी दाखवला नव्हता. मी तिला विचारले की उदाहरण तिला कुणाचे म्हणून सांगितले होते.

"मावशी म्हणाल्या, लहानपणी त्यांच्यावर आळ आला होता तेव्हा सुचलं. आणि म्हणाल्या, परीक्षेत हेच लिही असं मी सांगत नाही. पण स्वतःचं मागितलं आणि काही आठवलं नाही, तर हे माझं आहे, तुला दिलं."

जाताना तिने बटणे मोजून पिशवीत भरली. एक टेबलाखाली पडले होते. मी ते पाहिले नाही. तिने घरंगळताना ऐकले आणि वाकून उचलले.

सोमवार, २४ मार्च

ही वही जे सिद्ध करण्यासाठी सुरू केली ते सिद्ध होत नाही. म्हणून दुसरे पत्र लिहिले: माझे मत मी मागे घेत आहे, माझे अनुमान सदोष होते, परीक्षार्थी आणि लेखनिक दोघी निर्दोष आहेत.

पत्र स्वतः परीक्षा विभागात नेऊन दिले. रस्ता ओलांडताना एका अनोळखी माणसाने हात धरला. मी त्याचे आभार मानायला विसरले.

मंगळवार, २५ मार्च

अधिकाऱ्याचा फोन. निकाल रोखायला एक मत पुरते. रोखलेला सोडायला समिती बसावी लागते. समिती पहिल्या तारखेला बसते. त्याआधी बसवा, असे मी सांगितले. तो अवघडला. "बाई, तारखेच्या बाहेर काही करू नये हे तुम्हीच शिकवलंत आम्हाला."

मी रुग्णालयाच्या व्यवस्थापकालाही भेटले. तासभर बाकावर बसवून त्याने दोन मिनिटे ऐकून घेतले. त्याला एकतीस तारखेला कागद हवा आहे. माझा शब्द हा कागद नव्हे, असे तो अत्यंत सभ्यपणे म्हणाला. त्याचे म्हणणे बरोबर होते. तेच मला सहन झाले नाही.

बेकरीवर गेले. धाकटी मागच्या बाजूला पिठाची पोती मोजून घेत होती. मला पाहून तिने मोजणे थांबवले नाही. मी सांगितले की पत्र मागे घेतले. तिने विचारले, "का?"

मी म्हणाले, "ती मुलगी आली होती. तिने उत्तरे दिली."

"तिनं सांगितल्यावर पटलं तुला," धाकटी म्हणाली. "मी सांगितलं तेव्हा हसलीस."

पुढचे पोते आले. तिने त्यावर खडूने फुली केली. मी निघाले.

मंगळवार, १ एप्रिल

समिती बसली. टेलिफोनवाली पदवीधर झाली, पहिल्या वर्गात. टेलिफोन खोलीला काल कुलूप लागले आणि चौकशीची खिडकी दुसऱ्या कुणाला दिली गेली.

तिला फोन केला. मी क्षमेचे वाक्य जुळवून ठेवले होते. तिने ते पुरे होऊ दिले नाही. म्हणाली, "डिग्री आता कुणी काढून नेणार नाही बाई. नोकरी बघेन." मग म्हणाली, "पण खिडकी माझी झाली असती." मी हो म्हणाले. फोन तिने आधी ठेवला. आयुष्यभर दुसऱ्यांनी ठेवल्यावर ठेवण्याची तिला सवय आहे, हे मला नंतर आठवले.

उद्या डोळा. सोबत बेकरीवाली येणार आहे. तिने विचारले नाही, सांगितले.

गुरुवार, ३ एप्रिल

आजचा मजकूर सांगून लिहवून घेतला आहे. उजव्या डोळ्यावर पट्टी आहे, डाव्याला धुके. डॉक्टर म्हणतात उद्या पट्टी काढू. मला थांबायचे नाही.

सकाळी मास्तरांना फोन करून एका तासासाठी लेखनिक मागितला. मंडळाच्या पाळ्यांची यादी त्यांच्याकडे असते. ते म्हणाले, यादीत ज्याचे नाव पुढे असेल तोच येईल, नियम तुमचाच आहे, बाई. यादीत खरोखर कुणाचे नाव पुढे होते ते मी तपासू शकत नाही. शिंप्यांना माप हवे तसे ओढता येते.

लेखनिक दहा वाजता आली. चपला दारात काढण्याच्या आवाजावरून मी ओळखले. ती आत आली. टेबलाशी खुर्ची ओढून समोर बसली आणि म्हणाली, "सांगा." मला ती आयुष्यात कधी अहो-जाहो बोलली नव्हती. नियम पाचवा: लेखनिकाने नात्याने बोलू नये.

मी तिला ही वही दिली. कुठे लिहायचे, असे तिने विचारले. मी म्हणाले, शेवटच्या मजकुराखाली. मागची पाने वाचू नये असे मी सांगितले नाही. पाने उलटल्याचा आवाज आला. तो बराच वेळ चालला. पहिल्या पानापर्यंत ती गेली असावी. मग पाने पुन्हा परत आली आणि पेनाचे टोपण निघाले.

आता कबुली.

या प्रकरणात माझ्याकडून बरेच काही झाले. त्याची मी यादी करणार नाही, कारण यादी केली की प्रत्येक गोष्ट लहान दिसू लागते. मी सदोष अनुमान केले. एका मुलीची खिडकी घालवली. मला न मागता दिलेल्या पंचेचाळीस वर्षांच्या दुपारी मी हिशेबात धरल्या नाहीत. पण ही सगळी एकाच चुकीची पिल्ले आहेत, आणि ती चूक मार्चमधली नाही.

मी आत होते. ती दाराबाहेर होती. तिने ओरडून सांगितले ते मी ऐकले. वाक्य बरोबर आहे हे मला त्याच क्षणी कळले. आईला ते ऐकू आले नाही, कारण आई यंत्र चालवत होती. मी ते आईला सांगायला हवे होते. मी सांगितले नाही. ती संध्याकाळपर्यंत बाहेर उभी होती. नऊ वर्षांनी तीन परीक्षकांनी स्वतःचे उदाहरण मागितले, तेव्हा मी ते सांगितले. त्यांतला एक म्हणाला, हे सुचणे सोपे नाही. मी म्हणाले, हो. नोकरी मिळाली. घरी आल्यावर धाकटीने विचारले, काय विचारले गं त्यांनी? मी म्हणाले, तुला नाही समजणार.

वर्गात मी ते कधी वापरले नाही. त्याचे कारण पाच मार्चच्या नोंदीत दिले आहे. ते कारण खरे नाही.

विश्वासघात झाला, हे या वहीचे विधान मी मागे घेत नाही. तो कुणी केला, एवढेच दुरुस्त करते.

चूक एक. ते उदाहरण माझे नव्हते.

वाचून दाखवा, असे मी म्हणाले. लेखनिकाने वाचून दाखवले, सरळ आवाजात, न चढता, न उतरता. 'सुचणे सोपे नाही' इथे ती किंचित थांबली आणि पुढे गेली. काही दुरुस्ती करायची आहे का, असे तिने नियमाप्रमाणे विचारले. मी नाही म्हणाले. मग तिने माझा हात धरून पेनाचे टोक कागदावर जिथे टेकवायचे तिथे टेकवले, आणि हात सोडला.

थोरली

सांगितले तसे लिहिले. माझे काही घातले नाही.

धाकटी, लेखनिक